अंदेशा लागतो, येत नाही

खाडीपाडा, रेवसच्या अलीकडे
मार्गशीर्ष, सन १९३४

प्रिय कुबरा,

माझ्या हातानं केलेल्या वस्तू आधी लिहितो, म्हणजे पत्र कुणाचं याचा घोळ राहणार नाही. या खाडीच्या बांधाला सात उघाड्या, म्हणजे पाण्याची दारं, त्यांतल्या सहा अजून पाणी धरून आहेत. सातवीचं पुढे येईल. रेवसच्या धक्क्यावर माल वाहायच्या तीन हातगाड्या. कोळ्यांच्या दोन होड्यांची सुकाणं. मारुतीच्या पालखीचा दांडा. तुमच्या मशिदीतला, प्रवचनाला चढायचा मिंबर, त्याच्या पायऱ्या उंचीला सारख्या आहेत, कुणाला खोटं वाटत असेल तर दोरी लावून बघावी. नलूच्या पोराचा पाळणा. ठमाबाईच्या म्हाताऱ्याचा लाकडी पाय. म्हातारा गेल्यावर घरच्यांनी तो जाळला नाही, चांगलं लाकूड आहे म्हणून ठेवला आणि आता त्यावर दिवा ठेवतात. तुझ्या घराच्या मागच्या दाराची चौकट आणि दोन्ही फळ्या, आंब्याच्या नव्हेत, शिवणीच्या. यांतलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. मी जातीचा सुतार नव्हे, पोलादपूरकडचा कुणबी. बायको देवीच्या साथीत गेली तेव्हा गाव सोडलं आणि इकडे आलो तो मजूर म्हणून. पहिली उघाडी केली ती एक मोडकी उघाडी सुटी करून, तिचा एकेक तुकडा उलटासुलटा बघून. अक्षरंही तशीच शिकलो, चावडीवर चिकटवलेल्या जाहिराती वाचून. म्हणून माझ्या लिहिण्यात मधेच कचेरीची भाषा शिरते, ती चालवून घे.

'प्रिय' लिहावं की नाही यात बराच वेळ गेला. आमच्याकडे विधवा बाईला पत्र लिहायचं तर गंगाभागीरथी लिहितात. ते तुला कसं लिहू? तुमच्या मायन्याचे शब्द मला नीट येत नाहीत, आणि जे नीट बसत नाही ते मी ठोकून बसवत नाही. तेव्हा प्रिय. हे तुला फरिदा वाचून दाखवेल, कारण तुमच्या घरात मराठी चार यत्ता तिच्याच झाल्या आहेत. फरिदा, तू कुबराच्या दिराची, वहाबची बायको, घरची सून, तुझा मान ठेवून सांगतो, पहिल्या शब्दाला अडून हसत बसू नकोस आणि मधली वाक्यं गाळू नकोस. तू घाईत वाचतेस. वहाब घरात असेल तर त्यालाही बसू दे. लपवून वाचण्यासारखं यात काही नाही. जे आहे ते साऱ्या गावासमोर एकदा बोलून झालेलं आहे.

आता कामाचं. वहाब सांगतो, पौषात उरणच्या मिठागरवाल्या शेठला तुझं बांधाबाहेरचं शेत लिहून द्यायचं घाटतंय. अंगठा तुझा लागणार, कारण मोहम्मदच्या मागे शेत तुझ्या नावावर आहे. तू अजून हो म्हटलेलं नाहीस आणि नाहीही म्हटलेलं नाहीस. शेठ माझ्या पडवीत दोनदा येऊन बसला हे गावानं पाहिलं, म्हणजे तुझ्यापर्यंत आलं असणारच. कोंडाजी शेठला मिळाला, असं तुझ्या मनात आलं असेल तर मी तुला बोल लावणार नाही. आठ वर्षं ज्यानं तोंड फिरवलं त्याच्याबद्दल दुसरं काय मनात येणार? पण अंगठा लावायच्या आधी तू हे ऐकावंस. ऐकूनही लावलास तर शेत तुझं, अंगठा तुझा.

भाद्रपदाची अमावास्या, सन सव्वीस. भर दुपारचं उधाण. उघाडी कशी चालते हे तुला ठाऊक आहे, पण फरिदाच्या माहेरी खारी शेतं नाहीत, तिच्यासाठी लिहितो. बांधाला भोक, आणि भोकावर वरून टांगलेलं दार. ओहोटीला शेतातलं जादा पाणी दार ढकलून खाडीत जातं. भरतीला खाडी त्याच दाराला बाहेरून दाबते आणि दार घट्ट मिटतं. माणसानं हात लावायचा नाही. सातवी उघाडी तुझ्या शेताच्या टोकाला होती. त्या दिवशी ती गेली नाही. हे मी तेव्हा सांगितलं, आता लिहून देतो. दार शेवटपर्यंत मिटलेलं होतं आणि चौकट हलली नव्हती. गेला तो बांध, चौकटीच्या उजव्या अंगाचा, खेकड्यांनी आतून पोखरलेला. सकाळी मला तिथे बुडबुडे दिसले होते. मी पहार घेऊन उतरलो तो बीळ कुठवर गेलंय ते चाचपायला आणि चिखलानं बुजवायला. छातीइतक्या पाण्यात उभा होतो. मग पायाखालचं सरकलं. पुढचं मला सलग आठवत नाही. एका तिवराला धरून राहिलो होतो आणि माझ्या दोन्ही अंगांनी खाडी शेतांत शिरत होती. भात पोटरीला आलं होतं. ओरडणं ऐकू येत होतं, कुणाचं ते कळत नव्हतं. पाणी गार होतं की नव्हतं, तेही कळत नव्हतं. तिथपासून पुढे मला बऱ्याच गोष्टींचं तसंच झालं.

आठेक दिवसांनी मामलेदार आले, घाटावरचे. साऱ्या गावाचं भात गेलेलं, कुणाला तरी धरायला हवं होतं. कोंडाजी पहार घेऊन बांधावर होता हे पाहणारे होतेच. गोदूचा नवरा उभा राहून म्हणाला, "साहेब, ह्यानंच फोडला. उघाडीचां काम परत मिळल म्हून." मला हसू आलं होतं. गिळलं, कारण हसलो असतो तर तेही लिहून घेतलं असतं. मग तुझं घर बांधाला सर्वांत जवळ म्हणून तुझी जबानी. तू चावडीवर आली नाहीस. कारकून तुझ्या दाराशी गेला, तू दाराआडून बोललीस, त्यानं लिहून घेतलं आणि चावडीवर येऊन खड्या आवाजात वाचलं. ते वाक्य मी आजही जसंच्या तसं म्हणून दाखवीन. "कोंडाजी मिस्त्री पहार घेऊन बांधावर उतरले, त्याच वेळी मला त्यांचा अंदेशा आला होता." मामलेदारांनी मान वर केली. मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या! बाय सोता सांगते. तिला काय, दुश्मनी हाय?" तुमच्या मोहल्ल्यातली चार म्हातारी माणसं कोपऱ्यात बसली होती, नारळी पौर्णिमा उलटून तरणी माणसं दर्यावर गेलेली. त्या चौघांनीही माना हलवल्या. म्हणजे त्यांनाही पटलं, असं मी समजलो.

प्रकरण मिटलं. मिटलं म्हणजे मामलेदारांनी लिहिलं की संशय आहे, शाबीत नाही. शाबीत न झालेला संशय कुणी घरी घेऊन जात नाही बघ, तो तिथेच राहतो, चावडीच्या पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. बाकीचे काय म्हणाले ते मी पुसून टाकलं असतं. गोदूच्या नवऱ्याला मी कधी शहाणा धरलाच नव्हता. पण तू म्हणालीस. ज्या घरी मोहम्मद असताना आणि नसतानाही मला मिस्त्री जेवलात का म्हणून विचारलं जाई, त्या घरातून ते वाक्य आलं. त्यानंतर मी तुझ्या अंगणात पाऊल टाकलं नाही. पुढच्या ईदेला तू सांदणांचं ताट पाठवलंस, रुमालानं झाकलेलं. मी रुमाल न उचलता परत केलं. तुझी नणंद शहरबानू ताट घेऊन आली होती. तिनं विचारलं, "मिस्त्री, पोट बरां न्हाय काय?" मी म्हटलं, बरं आहे. मी चुकलो असं मी इथे लिहिणार नाही. जे कानावर आलं त्याला धरून वागलो.

मग गावानं उघाडीसाठी माझ्याकडे येणं बंद केलं आणि मी आपण होऊन जाणं बंद केलं. पेणकडून एक सुतार आणला. त्याचं दार पहिल्याच पावसात फुगून चौकटीत अडकलं. बांधाची खांड, म्हणजे फुटलेली जागा, दोनदा बुजवली, दोनदा गेली. तिसऱ्या साली गावानं आतून नवा बांध घातला, सरळ आणि कमी लांबीचा, आणि तुझं दीड बिघा बाहेर खाडीला देऊन टाकलं. तिथे आता तिवरं वाढलीत, माझ्या कमरेच्या वर. मी जवळजवळ रोज तिकडून जातो. मला काही वाटत नसे. हे कुणाला बरं दिसावं म्हणून बदलून लिहीत नाही. राग असता तर राग म्हणून कळला असता; रागही नव्हता. उठायचो, भाकरी करायचो, कामाला बसायचो. कुणी हसलं की आपणही हसायचं असतं हे आठवून हसायचो. शकू कोळीण एकदा म्हणाली, "मिस्त्री, तुमी लाकडाशी बोलता का?" मी म्हटलं, लाकूड विचारत नाही. ती म्हणाली, "मंग तुमीच लाकूड झाला." मी पुन्हा रंधा धरला.

या वर्षांत मला एक नाद लागला. चावडीवरच्या कागदांत आणि माणसांच्या बोलण्यात, एकमेकांवर भरवसा नाही हे सांगायचे शब्द मी वेचू लागलो. का, ते विचारू नकोस. शंका काढतात. संशय घेतात. वहीम धरतात. किंतु मनात ठेवतात. प्रत्येक शब्दाला त्याचं ठरलेलं क्रियापद, जशी खिट्टी आणि तिचं भोक. दुसऱ्या भोकात ती जात नाही, गेली तर डगडगते. शंका विचारून फिटते, म्हणून ती मला त्यांतली बरी वाटते. किंतु लहान असतो, न विचारताही कधी विरून जातो. वहीम पोलिसांचा, तो माणसाला चिकटतो. संशय मात्र घ्यावा लागतो, म्हणजे घेणाऱ्यानं आधी हात पुढे केलेला असतो. आणि अंदेशा? अंदेशा येतो, असं मी धरून चाललो होतो. पोलादपूरकडे तो येतोच. मला त्याचा अंदेशा आला, म्हणजे तो काय लायकीचा आहे ते मी वेळीच ओळखलं. हा शब्द इतका बेमालूम बसला होता की तो उकलून बघावा असं माझ्यासारख्यालाही वाटलं नाही.

गेल्या आश्विनात मुन्शी अब्दुस्समद यांनी मशिदीतल्या मदरशासाठी दार सांगितलं. मी तुमच्या मोहल्ल्यात आठ वर्षांनी आलो आणि मशिदीच्या अंगणात, तुमच्या घराकडे पाठ करून, फळी रंधायला बसलो. दुपारची वेळ. फरिदाचा मुलगा खाडीवरून उशिरा आला असावा, कारण फरिदा दारातून ओरडली, ते पार कोळीवाड्यात गेलं असेल. "कवाशी तुजा अंदेशा लागलाय मना! कुठं मेला व्हतास?" मग एक धपाटा वाजला. मग तिचा आवाज दबला, पोराला पोटाशी धरल्यावर दबतो तसा. मी वळून पाहिलं नाही. रंधा चालू होता तो चालूच राहिला. मला काही झालं नाही. थोड्या वेळानं मुन्शी पाणी घेऊन आले आणि म्हणाले, "मिस्त्री, ही फळी जरा उजेडाला धरा." फळी रंधून रंधून खुणेच्या खाली गेली होती. नखभर नव्हे, पार गेली होती. इतक्या वर्षांत माझ्या हातून खुणेखाली फळी कधी गेलेली नाही. ती वाया गेली. तिचे पैसे मी मुन्शींकडून घेतले नाहीत.

मुन्शींना मी विचारलं, अंदेशा लागतो की येतो? ते म्हणाले, "लागतो. येईल कसा? पावणा हाय काय?" आणि स्वतःच हसले. मी म्हटलं, नीट सांगा. तेव्हा ते भुशावर बसले आणि शिकवायच्या आवाजात बोलू लागले. पोर दर्यावर गेलं की आईला त्याचा अंदेशा लागतो. बाप तापानं पडला की लेकीला लागतो. ज्याचा लागतो तो जिवाचा असतो. परक्याचा कुणाला लागलाय? ते सहज बोलले. मग त्यांनी मूळ सांगितलं. शब्द फारसी. अंदेशीदन म्हणजे विचार करणं, आणि अंदेशा म्हणजे विचार, मनात धरलेला. मुन्शींनी भुशावर बोटानं तो लिहून दाखवला, उजवीकडून डावीकडे. मी त्यावर पुष्कळ विचार केला. माझी समजूत अशी की शब्द निघाला तेव्हा कुणाच्या विरुद्ध नव्हता. तुमच्या घरांत आला तेव्हा दारातून वाट बघायला उभा राहिला, कारण तुमची माणसं दर्यावर. आमच्याकडे तो कचेऱ्यांतून उतरला असावा, शिपायाच्या मागोमाग, म्हणून येतानाच डोळे बारीक करून आला. माझी समजूत चुकीचीही असेल. मुन्शी म्हणाले, चालेल, पण कुठे लिहून देऊ नका. मी तुला लिहून दिली.

तरी तू 'लागला' म्हणालीस की 'आला', हे कळायला हवं होतं. अंदाजानं मी खिळा मारत नाही. कार्तिकात वहाबला रेवसच्या धक्क्यावर गाठलं. तो मुंबईच्या बोटीची वाट बघत पेटीवर बसला होता. आठ वर्षांत आम्ही बोललो नव्हतो, त्यामुळे आधी त्यानं मागे वळून पाहिलं, मी दुसऱ्या कुणाशी बोलतोय का म्हणून. मी त्याला ते वाक्य म्हणून दाखवलं. तो म्हणाला, "आला? आमच्या बायांच्या तोंडात अंदेशा आला येतच न्हाय. त्या सालाला मी तापानं घरातच पडलो व्हतो, सोता ऐकलां. कुबरा आपा बोलली, मना त्याचा अंदेशा लागला. रडत बोलली. कारकुनानं शुद्ध करून लिवलां असंल." मग तो माझ्याकडे बघतच राहिला. "म्हंजे तू त्यापायी? आरं मिस्त्री, आमी समजलो तू माजलास! आपाला वाटलां, तिनं चावडीवर तुजां नाव घेतलां म्हून तुला शरम वाटली." बोट लागली, माणसं उतरू लागली, तो पेटीवरून उठेना. हसावं की मला एक ठेवून द्यावी हे त्याचं ठरत नव्हतं. शेवटी म्हणाला, "सांदणां कोंबड्यांना घातली आमी. ठावं हाय तुला? कोंबड्यांना!" आणि त्याच्या तोंडून तुझ्या शेताच्या विक्रीचं निघालं ते तिथेच, बोटीवर चढता चढता.

तर ते तसं झालं. चावडीवर एकच वाक्य वाचलं गेलं आणि दोन ऐकली गेली. तुमच्या चार म्हाताऱ्यांनी माना हलवल्या त्या, बिचारीला केवढी काळजी, म्हणून. आमच्या लोकांनी हलवल्या त्या माझ्या लबाडीला. आणि कुणी कुणाला विचारलं नाही, कारण प्रत्येकाला नीट ऐकू आलं होतं. कुणी खोटं बोललं नाही. कारकूनही नाही. त्याला 'लागला' गावंढळ वाटलं असेल, त्यानं ते काढून 'आला' घातलं, भाषा नीट केली. माझा त्याच्यावर राग नाही; मीही गाठीची फळी काढून सरळ घालतो. आणि तू, मोहम्मद जाऊन तीन वर्षं झालेली, दाराआड उभी, तुझं स्वतःचं शेत त्या घटकेला खाडीत गेलेलं, सरकारी माणूस विचारायला आलेला. त्याला तू शेताचं काही सांगितलं नाहीस. कोंडाजी पाण्यात उतरला तेव्हा त्याचा अंदेशा लागला होता, एवढं सांगितलंस. हे मी लिहिलं आणि आता पुढे जातो. फरिदा, तूही पुढे जा.

तू म्हणशील, हे कळल्यावर मिस्त्रीला काय वाटलं? खरं सांगायचं तर मी वाट बघतोय. थंडीत बोटं बधिर असतात तेव्हा पटाशी लागली तर आधी रक्त दिसतं, दुखणं मागाहून येतं. रक्त दिसलं आहे. परवा भाकरी करताना तवा तापलेला विसरून नुसता बसून राहिलो होतो, शेजारची नीराबाई धूर बघून धावत आली. ती म्हणाली, "काय झालां?" मी म्हटलं, काही नाही. ते खरंच होतं. अजून काही झालेलं नाही.

आता शेठ. तो माझ्या पडवीत आला तो तुझ्या शेताच्या कामासाठीच आला, हे खरं. मिठागरालाही उघाडी लागते, आपल्यासारखीच, फक्त तोंड उलटं. भरतीला आत उघडते, ओहोटीला मिटते. खाडी आत घेते आणि बाहेर जाऊ देत नाही. तशी एक त्याला तुझ्या शेताच्या टोकाला, सातवीच्या जागी, हवी होती. पहिल्यांदा आला तेव्हा मी बघू म्हटलं. तेव्हा मला शेताचं काही नव्हतं, तुलाही नसेल असं धरलं होतं. दुसऱ्यांदा आला तो वहाब मला धक्क्यावर भेटून गेल्यावर. मधल्या एका ओहोटीला मी जुन्या बांधाचा पाया चाचपून आलो होतो. पाया शाबूत आहे. तिवरं काढून, खांड दगडानं भरून, खाडीकडे उघडणारी उघाडी बसवली तर दोन पावसाळे मीठ धुऊन नेतील आणि तिसऱ्या साली तांबडा रत्ता, खारीतलं भात, पेरता येईल. लाकूड माझ्याकडे आहे. फुकट मी कुणाचं काम करत नाही, तेव्हा मजुरी भातानं घेईन, पीक येईल तेव्हा. वहाबला रोकड हवी आहे आणि त्यात वावगं काही नाही. शेठ माझ्यावाचून अडणार नाही, मुंबईहून माणूस आणील, हेही तुला कळलेलं बरं. पण तुझ्या बांधावर उतरायचं तर मला तुझा शब्द हवा. वहाबकरवी निरोप नको, तू बोल, दाराआडून का होईना. आणि तू जे बोलशील ते या खेपेला मी कुणाच्या वाचण्यावर न जाता स्वतः येऊन ऐकीन. शेठ दुसऱ्यांदा आला त्याच दिवशी मी त्याला नाही म्हणून सांगून टाकलं. त्या उलट्या उघाडीचे तो मला चारशे पंचवीस रुपये देत होता, त्यांतले दोनशे तिथल्या तिथे. मी घेतले नाहीत.

तुझाच शेजारी,
कोंडाजी मिस्त्री